उरलीसुरली शस्त्रे : जर्मन पोलिसांची कोठारे कशी भरली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले एखादे वॉल्थर पीपी पिस्तूल बारकाईने पाहिले तर त्यावर चिमुकला गरुड ठोकलेला दिसतो. गरुडाखाली 359 असा आकडा असेल तर ते लष्कराच्या शस्त्रखात्याने तपासून घेतलेले. आकड्याऐवजी ‘सी’ किंवा ‘एफ’ हे अक्षर असेल तर ते पोलिसांचे. माल जर्मनीतल्या झेला-मेलिस गावच्या एकाच कारखान्यातला, पण गिऱ्हाइके दोन, तपासनीस दोन आणि हिशेबाच्या वह्याही दोन. जर्मन पोलिसांना स्वतःची वेगळी वही का ठेवावी लागली आणि त्या वहीत पुढे कोणकोणत्या देशांची हत्यारे नोंदली गेली, हे समजून घ्यायचे तर 1919 पर्यंत मागे जावे लागते.

व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य 1 लाखावर आणले. तेव्हा रस्त्यारस्त्यांवर बंडाळी माजली होती आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या घराघरात रायफली होत्या. राज्यांनी ‘सिशरहाइट्सपोलिझाय’ नावाची, छावणीत राहणारी, हिरव्या गणवेशातली निमलष्करी पोलिसांची फौज उभी केली. मित्रराष्ट्रांना हा पोलिसांच्या वेषातला लष्कराचाच धाकटा भाऊ वाटला, आणि त्यात फारसे चूक नव्हते. 1920 मध्ये बुलोन येथून निघालेल्या खलित्याने पोलिसांची संख्या दीड लाखावर बांधली आणि शस्त्रांचे प्रमाणही ठरवून दिले. प्रत्येक शिपायाला एक पिस्तूल, पण तीन शिपायांत मिळून एकच रायफल. वीस जणांमागे एक मशीन पिस्तूल, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी छोटी बंदूक. चिलखती गाड्या हजार पोलिसांमागे एक, म्हणजे देशभर मिळून 150. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. सरकारी मालकीच्या हत्यारांवर ‘1920’ असा शिक्का ठोकण्यात आला, म्हणजे बिनशिक्क्याचे हत्यार सापडले की ते बेकायदा. जुन्या लुगर पिस्तुलांवर 1917 आणि 1920 अशी दोन-दोन वर्षे दिसतात ती यामुळे.

जर्मन पोलिसांच्या कोठारव्यवस्थेचे वळण इथे पडले. रायफली मोजक्या, तपासणीला परकी अधिकारी येणार, त्यामुळे प्रत्येक नगाचा हिशेब चोख. प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्यात पिस्तुलाच्या मुठीवर दल आणि जिल्हा यांची आद्याक्षरे व अनुक्रमांक कोरत. शस्त्रांची निगा राखणाऱ्या कारागिराला ‘वाफेनमाइस्टर’ म्हणत. त्यांचे आणि वाहनचालकांचे शिक्षण बर्लिनच्या तंत्र व वाहतूक पोलीसशाळेत होई. शाळेच्या स्वतःच्या पिस्तुलांवरही तिचा वेगळा शिक्का असे. हे लोक किती काटेकोर होते याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. लुगरचा वरचा भाग सांगाड्यापासून वेगळा केला आणि नळीत चुकून काडतूस राहिले असेल, तरी त्या सुट्या भागातूनही गोळी सुटू शकते. साफसफाई करताना असे अपघात होत. म्हणून 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या पोलिसांनी आपल्या लुगरना एक छोटी पोलादी पट्टी बसवून घेतली, जिच्यामुळे वरचा भाग काढला की चाप अडकतो. लष्कराने ही दुरुस्ती केली नाही. पट्टी दिसली की हत्यार पोलिसांचे, हे आज संग्राहक लांबूनच ओळखतात.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा पोलीस हा राज्यांचा विषय होता. खरा धक्का 1935 मध्ये बसला. सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि छावण्यांत राहणारे सुमारे 56 हजार प्रशिक्षित पोलीस सरळ सैन्यात वर्ग झाले. पोलिसांकडे उरले ते बहुतांशी चौकीवरचे शिपाई. पुढच्या वर्षी, 17 जून 1936 ला, ‘एसएस’ या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचा प्रमुख हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचाही प्रमुख झाला. गणवेशातले पोलीस कुर्ट डालुगेच्या हाताखाली ‘ऑर्डनुंग्सपोलिझाय’ (सुव्यवस्था पोलीस) म्हणून एकवटले, तर गेस्टापो हे गुप्त पोलीस आणि गुन्हेअन्वेषण हिमलरच्या हाताखालच्या हायड्रिखकडे गेले. खरेदी आता राज्यांऐवजी बर्लिनहून होऊ लागली. पण सैन्य वाढत होते, रायफलींचे कारखाने सैन्याने अडवले होते. पोलिसांच्या वाट्याला 7.65 मिलिमीटरची खिशातली पिस्तुले सहज आली, कारण आघाडीवर त्यांना तशी मागणी नव्हती. वॉल्थर आणि साउअर यांची पिस्तुले पोलिसांच्या पट्ट्याला दिसू लागली ती तेव्हापासून.

कोठारात येणारा सगळा माल विकतचा नव्हता. आपल्याकडच्या मुद्देमाल खोलीसारखी जप्तीचीही एक बाजू होती. 1938 च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या पोलीसप्रमुखाने शहरातल्या ज्यूंकडून गोळा केलेल्या हत्यारांची यादी जाहीर केली : 2,569 धारदार हत्यारे, 1,702 बंदुका-पिस्तुले आणि सुमारे 20 हजार काडतुसे. 9 तारखेला ती वर्तमानपत्रात आली. त्याच रात्री सिनेगॉग, ज्यूंची प्रार्थनास्थळे, पेटली. दोन दिवसांनी ज्यूंना कोणतेही हत्यार बाळगण्याची बंदी करणारा हुकूम निघाला. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पोलिसांनी हत्यारे काढून घेतली, कायदा मागाहून आला.

कोठारे खऱ्या अर्थाने भरली ती मात्र शेजाऱ्यांच्या जिवावर. 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथल्या पोलिसांची आणि जेंडार्मरीची (ग्रामीण पोलिसांची) स्टायर मशीन पिस्तुले हाती आली. हत्यार उत्तम, पण त्याचे काडतूस जर्मन 9 मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा लांब! ऑस्ट्रियन सैन्याने मागवलेल्या ‘एडीजीझेड’ या जड चिलखती गाड्याही मिळाल्या. त्यातल्याच गाड्या 1 सप्टेंबर 1939 ला डान्झिग या बाल्टिक बंदरातल्या पोलिश टपालकचेरीवर चालून गेल्या. मार्च 1939 मध्ये चेक भूमी घेतली आणि घबाडच हाती लागले. हिटलरने 28 एप्रिलच्या भाषणात मिळालेल्या मालाचा आकडा सांगितला तो असा : 10 लाख 90 हजार रायफली आणि जवळजवळ 44 हजार मशीनगन. आकडा त्याच्याच तोंडचा आहे, म्हणून जरा हात राखून घ्यावा, पण चेक रायफली पोलीस बटालियनांच्या खांद्यावर दिसतात हे खरे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पोलिसांतूनच एक अख्खी पायदळ डिव्हिजन उभारली, तीही बरीचशी चेक सामग्रीवर.

जिंकलेल्या मालाची नावे ठेवायची जर्मनांची पद्धत मुळातून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि कंसात मूळ देशाचे अक्षर. बेल्जियमचे ब्राउनिंग म्हणजे पिस्तूल 640 (बी). ब्रनोची रायफल म्हणजे गेवेअर 24 (टी). चेक पिस्तूल म्हणजे 27 (टी). पोलंडला पी, फ्रान्सला एफ, रशियाला आर, हंगेरीला यू. ही नुसती यादी नव्हती. चेक भूमीतले ब्रनो, बेल्जियममधले हेरस्टाल, पोलंडमधले रादोम इथले कारखाने चालूच ठेवले होते आणि जर्मन तपासनीस तिथे बसून शिक्के मारत होते. आघाडीवरच्या सैन्याला सुटसुटीत पुरवठा हवा, म्हणून जर्मन मापाचा माल तिकडे जाई. वेगळ्या मापाचा, सुटे भाग दुर्मीळ असलेला माल मागे राही आणि तो पोलीस, पहारेकरी, स्थानिक साहाय्यक यांच्या माथी पडे. एकाच कोठारात जर्मन 7.92, रशियन 7.62, फ्रेंच 8 आणि डच 6.5 मिलिमीटर अशी चार-चार तऱ्हांची काडतुसे सांभाळणाऱ्या कोठावळ्याचे हाल काय असतील!

संख्याही फुगत चालली होती. सप्टेंबर 1939 मध्ये 1 लाख 31 हजार असलेले ऑर्डनुंग्सपोलिझाय 1940 च्या मध्यावर 2 लाख 44 हजारांवर गेले. 25 जुलै 1941 ला हिमलरने व्याप्त पूर्वेत स्थानिक लोकांची दले उभारण्याचा हुकूम काढला आणि 1942 च्या अखेरीस ‘शुत्समानशाफ्ट’ म्हणवणारे हे साहाय्यक सुमारे 3 लाख झाले. त्यांना मुख्यतः रशियन रायफली मिळाल्या. हाताखालच्या लोकांवर पुरता विश्वास नव्हता, त्यामुळे गोळ्या मोजून दिल्या जात.

पूर्वेत पुरवठा कोण करणार, हा प्रश्न रशियावरच्या हल्ल्याच्या आधीच सुटला होता. एप्रिल 1941 मध्ये लष्कराच्या रसदीचा प्रमुख वाग्नर आणि हायड्रिख यांच्यात करार झाला. 21 मे रोजी हिमलरने तोच नियम गणवेशातल्या पोलिसांनाही लावला. वाटचाल, रसद आणि मुक्काम यांबाबत ही दले लष्कराच्या अखत्यारीत, कामाचे हुकूम मात्र हिमलरकडून. पेट्रोल, भाकरी आणि काडतुसे सैन्याच्या कोठारातून मिळणार, ती कोणावर झाडायची हे दुसरेच कोणी सांगणार. युद्धानंतर अनेक सेनापतींनी “आमचा त्याच्याशी संबंध नव्हता” असे म्हटले. रसदीच्या कागदांनी तो दावा फार काळ टिकू दिला नाही. 27 जून 1941 ला बियालिस्तोकमध्ये शेकडो ज्यूंना सिनेगॉगमध्ये कोंडून जाळणारी पोलीस बटालियन 309 ही लष्कराच्या 221 व्या सुरक्षा डिव्हिजनच्याच हाताखाली होती.

पाठोपाठ हिमलरची स्वतःची कोठारेही पूर्वेला सरकली. त्यातले एक बेलारूसमधल्या बोब्रुइस्कजवळ, वाफेन-एसएस (एसएसची लढाऊ दले) आणि पोलीस यांना माल पुरवणारे. तिथे राबायला 1942 मध्ये वॉर्सा घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, सुमारे दीड हजार ज्यू पुरुष आणले. 1943 मध्ये छावणी आवरली तेव्हा त्यांतले शंभरही उरले नव्हते. पुरवठ्याचा इतिहास लिहिताना माल, वाघिणी आणि पावत्या यांतच अडकायला होते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

जुलै 1942. पोलंडमधले युझेफुव गाव. हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियन 101 मध्ये पाचशेच्या आसपास माणसे होती, बहुतेक मध्यमवयीन, गोदीतले कामगार, ट्रकचालक, कारकून. 12 तारखेच्या रात्री त्यांना जादा काडतुसे वाटण्यात आली. कशासाठी, हे बहुतेकांना दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. दिवस मावळेपर्यंत त्यांनी सुमारे दीड हजार ज्यू मारले होते. या कामाला ना तोफ लागली ना मशीनगन. साधी रायफल पुरली.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेची किल्ली इथे आहे. लष्करी तज्ज्ञ म्हणेल की पोलिसांची शस्त्रसामग्री दुय्यम होती, सरमिसळ होती, तिने रशियन सैन्याला थोपवणे अशक्य होते. बरोबर. पण तिला ते करायचेच नव्हते. समोरचा माणूस निःशस्त्र असला की उरलेसुरलेही पुरून उरते. वॉर्सा घेटोच्या उठावानंतर, मे 1943 मध्ये, तो चिरडणाऱ्या एसएस अधिकारी श्ट्रोपने वरिष्ठांना पाठवलेला अहवाल पाहा. त्याच्याकडे पकडलेला फ्रेंच रणगाडा, दोन चिलखती गाड्या आणि मशीनगन होत्या. लढणाऱ्यांकडून हाती आलेल्या हत्यारांची त्याने दिलेली यादी अशी : पोलिश रायफली 7, रशियन 1, जर्मन 1, पिस्तुले 59, आणि काही शे हातबॉम्ब. आणि एवढ्यावर घेटो जवळजवळ महिनाभर लढला.

जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी टोळ्या (पार्टिझन) वाढल्या तशी पोलिसांनाही जड सामग्री हवीशी झाली. फ्रेंच हॉचकिस रणगाडे, पानार चिलखती गाड्या, रशियन टी-26, असे जे मिळेल त्यातून पोलिसांच्या रणगाडा कंपन्या उभ्या राहिल्या. जुलै 1944 च्या कटानंतर हिमलर राखीव सैन्याचाही प्रमुख झाला, आणि ज्या लष्करी खात्याकडे पोलीस इतकी वर्षे हात पसरत होते तेच त्याच्या हाताखाली आले. तोवर वाटायला फारसे काही शिल्लक नव्हते. त्या शरद ऋतूत उभारलेल्या फोल्क्सश्टुर्म या नागरी लढाऊ दलाच्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना इटालियन कार्कानो रायफली मिळाल्या.

डालुगेला ऑक्टोबर 1946 मध्ये प्रागला फाशी दिली. विजेत्यांनी जर्मन पोलिसांना पुन्हा एकदा निःशस्त्र केले आणि मग, शीतयुद्ध तापू लागले तशी, पुन्हा पिस्तुले दिली. पूर्व जर्मनीच्या फोल्क्सपोलिझाय या पोलीसदलाने जुनी वॉल्थर आणि लुगर वापरात घेतली. झेला-मेलिसचा कारखाना रशियन हद्दीत गेल्यामुळे पश्चिमेकडे वॉल्थर पीपी 1952 पासून फ्रान्समध्ये मानुरीन कंपनी बनवू लागली. पश्चिम जर्मन पोलिसांच्या पट्ट्याला 7.65 मिलिमीटरची पिस्तुले 1970 च्या दशकापर्यंत राहिली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर ती कमी पडतात हे ध्यानात आले, आणि 9 मिलिमीटरचे पोलिसी पिस्तूल कसे असावे याची नवी मागणी कारखान्यांपुढे ठेवली गेली.