उजनी कालव्याचं पाणी: नमुना नंबर 7 चा अर्ज नेमका कुठे अडतो

सोलापूर जिल्ह्यातलं उजनी धरण भरल्याची बातमी आली की कालव्याखालचा शेतकरी निर्धास्त होतो आणि अर्ज राहून जातो. धरणात पाणी आहे म्हणून ते आपल्या चारीला (शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटाला) येणारच, असं नसतं. कालव्याचं प्रवाही, म्हणजे मोटरीशिवाय वाहत येणारं पाणी हवं तर दर हंगामाला पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात नमुना नंबर 7, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भरावा लागतो. रब्बीचा अर्ज उन्हाळ्याला चालत नाही. शेतात ऊस उभा असला तरीही.

खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. घोळ इथेच होतो. या तारखा हंगामाच्या आहेत, अर्जाच्या नव्हेत. अर्जाची मुदत दर वेळी खात्याच्या जाहीर प्रकटनात (सूचनेत) येते. ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापतात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतात आणि दोन दिवसांत त्यावर दुसरा कागद चिकटतो. त्यामुळे पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडणाऱ्या खात्याच्या माणसाला) विचारत राहणं बरं. मुदतवाढ मिळेल या भरवशावर थांबू नका. अर्ज दिला की तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर नंतर वाद घालायला हातात काही उरत नाही.

जमीन लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याखाली ठरलेल्या क्षेत्रात हवी. नदीवरून किंवा धरणाच्या फुगवट्यावरून (मागे साठलेल्या पाण्यातून) मोटरीने पाणी उचलणाऱ्यांना उपशाचा परवाना वेगळा लागतो, प्रवाही पाण्याचा अर्ज तिथे उपयोगाचा नाही. गावात पाणी वापर संस्था चालू असेल तर मागणी संस्थेकडे करायची. संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि ती ते सभासदांत वाटते. अशा गावातला माणूस थेट शाखेत गेला की हात हलवत परत येतो.

आता सातबारा. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो, तो छापून जोडला तर अर्ज बाजूला पडतो. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढा. त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. खरी अडचण नावाची. वडील जाऊन वर्षं झाली तरी उताऱ्यावर नाव त्यांचंच, आणि अर्जावर सही मुलाची. वारस नोंद आधी करून घ्या. फेरफार (नाव बदलाची नोंद) धरल्यावर हरकतीसाठी 15 दिवस जातात, म्हणून प्रकटन आल्यावर धावाधाव करून ती होत नाही. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांची लेखी संमती तयार ठेवा. भावकीत बोलणं बंद असेल तर हा कागद सगळ्यात उशिरा मिळतो.

क्षेत्र लिहिताना एकर आणि हेक्टर एकत्र करू नका. उताऱ्यावरचं 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, म्हणजे साधारण 3 एकर. तेच सव्वा एकर समजून मागणी केली की निम्म्याहून जास्त पीक कागदावर बिनअर्जी ठरतं. मागणी सहसा 20 आरच्या पटीत मागतात. पिकाचं नावही जे पेरणार तेच लिहा. ज्वारी लिहून ऊस भिजवला तर पाहणीत सापडतो. बिनअर्जी किंवा जादा भिजवणीचा पंचनामा होतो आणि आकारणी दंडाच्या दराने लागते.

सगळ्यात जास्त अर्ज थकबाकीवर अडतात. पाणीपट्टीवर स्थानिक उपकरही असतो. काही जण मूळ रक्कम भरून उपकर तसाच ठेवतात आणि बाकी निघाली की चिडतात. ज्यांच्या उसाच्या बिलातून कारखाना पाणीपट्टी कापतो, त्यांनी कपातीची पावती जपून ठेवावी. कपात झाली आणि शाखेच्या वहीत ती चढली नाही, असं घडतं. अशा वेळी पुरावा शेतकऱ्यानेच द्यायचा, हा न्याय कुठला ते विचारू नका, पण व्यवहार असाच चालतो. जमीन खरेदी घेतानाही आधीच्या मालकाची बाकी शाखेत जाऊन बघून घ्या. वीज बिलाची चौकशी सगळे करतात, पाणीपट्टीची कोणी करत नाही.

अर्ज मंजूर झाला की पाणी घेण्याचा पास मिळतो. पण मंजुरी म्हणजे पाण्याची हमी नव्हे. किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) द्यायची हे 15 ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समितीत ठरतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि जवळपास 63.66 टीएमसी तळाचा मृतसाठा. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणून शून्य टक्के असतानाही डोळ्यांना अथांग पाणी दिसतं आणि ‘पाणी आहे तरी सोडत नाहीत’ अशी ओरड होते. साठा उण्यात, म्हणजे मृतसाठ्यात गेल्यावर पिण्याचं पाणी आधी राखतात, सोलापूर शहरासकट. 2023 च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि 2024 च्या उन्हाळ्यात उणे साठच्या जवळ गेलं. अशा वर्षी पास हातात असूनही पाळी मिळत नाही. तेव्हा उन्हाळी भुईमूग किंवा कडवळ (चाऱ्याची ज्वारी) पेरण्याआधी समितीचा निर्णय बघा. पाणी मिळालंच नाही तर तसा लेखी अर्ज त्याच हंगामात शाखेत द्या आणि त्याचीही पोच घ्या, म्हणजे बिल आल्यावर हरकत घेता येते.