उधाण-भांग बघून ठरणारी सहल

पुण्यात गळाचा नाद असलेली मंडळी कमी नाहीत. रविवारी पहाटे पवना, मुळशी, पानशेतच्या काठावर ती दिसतात. त्यातल्या काहींच्या हातात अलीकडे फ्लाय रॉड (पिसांची नकली माशी फेकायची लवचिक काठी) आला आहे आणि गप्पांत सेशेल्स, बहामा ही नावं येऊ लागली आहेत. चौकशी केल्यावर जे पत्रक येतं, ते वाचून मात्र नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. सहल आठवड्याचीच, ठरलेल्या वारी सुरू होऊन ठरलेल्या वारी संपणारी. तारखा चंद्र बघून. बेटावर एका वेळी मोजकेच पाहुणे आणि गाइडशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. मासा पकडायचा, पाहायचा आणि सोडून द्यायचा. खर्च मात्र अख्ख्या कुटुंबाच्या युरोप टूरइतका. यातली बहुतेक कलमं मनमानी वाटतात, पण जवळजवळ प्रत्येकामागे काहीतरी घडून गेलेलं आहे. ते ठाऊक असलं, तर एजंटाला काय विचारायचं आणि काय सोडून द्यायचं, हे चटकन कळतं.

आधी जागा. प्रवाळ बेटांभोवती मैलोन्‌मैल पसरलेले पांढऱ्या वाळूचे आणि समुद्री गवताचे उथळ पट्टे असतात, पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत. त्यांना सगळीकडे फ्लॅट्स म्हणतात. भरतीच्या पाण्याबरोबर मासे खोलातून वर चढतात, वाळूत तोंड खुपसून खेकडे-कोळंबी उकरतात आणि ओहोटी लागली की परततात. या खेळातला मुख्य मासा बोनफिश खाली तोंड करून उकरत असला की त्याची शेपटी पाण्याबाहेर चमकते. इथे मासा आधी दिसावा लागतो, मग दोरी फेकायची. धरणाच्या काठावर तासन्‌तास गळ टाकून बसणाऱ्याला हा खेळ शिकारीच्या जवळचा वाटेल.

आपला कोकण किनारा यात का नाही? इंग्रज अमदानीत फ्लाय रॉड इथे आला होता. दख्खनच्या नद्यांतला महासीर हे साहेब लोकांचं वेड होतं. कर्नल साइक्सने 1839 मध्ये ज्या महासीराला शास्त्रीय नाव दिलं, तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतलाच. त्याच जातीची पैदास पुढे टाटांच्या लोणावळ्यातल्या वळवण केंद्रात झाली. पण नदीवरचा हा रॉड खाडीवर गेला नाही. पिसांची माशी ही माशाने बघून गिळायची गोष्ट, आणि आपल्या खाड्यांचं पाणी वर्षातला बराच काळ गढूळ. तिथे वास मारणारी कोळंबी गरीला लावणारा माणूस शहाणा. हा खेळ जिथे काचेसारखं पाणी होतं तिथेच, अमेरिकेच्या फ्लोरिडात, जन्माला आला.

त्या माशांची शास्त्रीय ओळख मात्र फ्लोरिडाच्या कितीतरी आधी आपल्या शेजारी झाली. 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली. तिच्यातला निसर्गतज्ज्ञ पीटर फॉर्सस्कोल याने तांबड्या समुद्रातले मासे टिपून ठेवले आणि 1763 मध्ये तो येमेनमध्ये तापाने गेला. सोबती एकेक करून मेले. कार्स्टन नीबुर तेवढा वाचला, मुंबईला पोचला, वर्षभराहून जास्त राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढून घरी परतला. मित्राची टिपणं त्याने 1775 मध्ये छापली. आज सेशेल्सला लोक ज्यांच्यासाठी जातात ते दोन्ही मासे, हिंदी महासागरातला एक बोनफिश आणि अजस्र जायंट ट्रेव्हली, यांची शास्त्रीय वर्णनं त्या टिपणांतलीच आहेत. विषयाला सोडून झालं हे, पण मुंबईत मुक्काम केलेल्या माणसामुळे ती जगाला मिळाली हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खेळ म्हणून सुरुवात झाली फ्लोरिडाच्या टोकाला, फ्लोरिडा कीज या बेटमाळेत. हेन्री फ्लॅगलरची समुद्रावरून जाणारी रेल्वे 1912 मध्ये की वेस्टला पोचली. वाटेतल्या लाँग की बेटावर रेल्वेनेच मासेमारीचं शिबिर काढलं आणि श्रीमंत लोक बोनफिशसाठी तिथे येऊ लागले. गळाला अर्थात कोळंबी किंवा शंखातला खेकडा. 1935 च्या चक्रीवादळात शिबिर आणि रेल्वे दोन्ही वाहून गेली. रेल्वे पुन्हा बांधली नाही. तिच्याच पुलांवरून 1938 मध्ये मोटाररस्ता सुरू झाला आणि नोकरदार माणूसही गाडी घेऊन तिथवर जाऊ लागला. गाइडचा पूर्णवेळ धंदा उभा राहिला तो या रस्त्यावर.

ठरवून, माशी वापरून पहिला बोनफिश पकडल्याचं श्रेय त्या भागातला गाइड बिल स्मिथ याला देतात, साल 1939. त्याची बायको बॉनी स्मिथ आणि मेहुणी फ्रँकी ऑलब्राइट याही नावाजलेल्या गाइड होत्या, हे पत्रकांतले मिशीवाले गाइड बघताना लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1947 मध्ये फ्रँकीचा नवरा जिमी ऑलब्राइट याने जो ब्रुक्स नावाच्या लेखकाला शेपट्या वर काढलेल्या बोनफिशसमोर उभं केलं. ब्रुक्सने मासे पकडले, त्यावर लिहिलं, आणि वाचून लोक आले. दोन जाड-बारीक दोऱ्या जोडायला आजही जी गाठ मारतात, ती ऑलब्राइटच्याच नावाने ओळखली जाते.

तोवर समुद्रात फ्लाय रॉड का नव्हता याचं उत्तर बरंचसं सामानात आहे. बांबूच्या चिपांचे रॉड, तेल लावलेली रेशमी दोरी, नाजूक रीळ: खाऱ्या पाण्यात सगळ्याची वाट लागायची. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आला, 1950 च्या दशकात प्लास्टिकचा लेप दिलेली दोरी आली, 1973 पासून ग्रॅफाइटचे रॉड. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी भर चष्म्याची. एडविन लँडने शोधलेल्या पोलरॉइड पडद्याचे गॉगल 1930 च्या दशकात बाजारात आले आणि पाण्यावरची चकाकी कापून तळ दिसायला लागला. रॉडवर लाखभर घालणारा माणूस गॉगलवर काटकसर करताना दिसला की हसू येतं.

तरीही नवख्याला मासा दिसत नाही. दिसते ती सावली, किंवा पाण्यावरची वेगळ्याच दिशेची थरथर. म्हणून गाइड. होडीचं इंजिन बंद करून तो लांब बांबू तळाला टेकत ती ढकलतो, आणि जितकं उंच उभं राहावं तितकं जास्त दिसतं. आधी गाइड इंजिनावरच चढून उभे राहत. 1970 च्या दशकात मायामीकडच्या बिल कर्टिस या गाइडने इंजिनाच्या वर मचाण बसवलं असं मानतात. आज तसं मचाण नसलेली फ्लॅट्सची होडी क्वचितच सापडेल. वरून तो ओरडतो: अकरा वाजता, चाळीस फूट. होडीचं नाक म्हणजे बारा. एवढ्यावर दोन-तीन सेकंदांत दोरी तिथे पडली पाहिजे, तीही वाऱ्यात. पुण्यातून जाणाऱ्याने मैदानावर सराव करावा तो याच गोष्टीचा: कुणालातरी घड्याळाचे आकडे ओरडायला लावायचे आणि तोंडावर वारा घेऊन फेकायचं. अंतर वाढवण्याच्या हौसेला तिथे फारसं गिऱ्हाईक नाही.

पत्रकातला मोठा आकडा मुख्यतः या नजरेचा आहे, खोलीचा आणि जेवणाचा कमी. बहामात हे आधी उमगलं. ग्रँड बहामा बेटाच्या पूर्व टोकाला गिल ड्रेकने 1958 मध्ये डीप वॉटर के क्लब काढला आणि आठवडाभर राहायचं, रोज गाइडबरोबर जायचं, हा साचा रुळला. शंख आणि लॉबस्टर पकडून पोट भरणाऱ्या घरांतली माणसं गाइड झाली. ओहोटीचं पाणी त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांच्यातल्याच अँड्रॉस बेटावरच्या चार्ली स्मिथने 1977 मध्ये बॉब नॉहाइम या पाहुण्यासाठी एक माशी बांधली. तिचं नाव पुढे क्रेझी चार्ली झालं, आणि आज जगात कुठेही बोनफिशला जाताना ती डबीत असते.

ही माशी बांधायला सोपी आणि समजून घ्यायला मजेदार आहे. चार किंवा सहा नंबरचा गळ. त्याच्या दांडीवर, डोळ्याच्या (दोरी ओवायच्या कडीच्या) थोडं मागे, मण्यांच्या साखळीचे दोन मणी दोऱ्याच्या आठ-आठ वेढ्यांनी आडवे बांधायचे. बेसिनच्या बुचाला असते तीच साखळी; रविवार पेठेतल्या बोहरी आळीत फूटभर घेतली तर वर्षभराच्या माशा होतात. दांडीला चंदेरी पट्टी गुंडाळायची, तिच्यावर पारदर्शक नायलॉन. मग पांढऱ्या पिसांचा किंवा केसांचा छोटा झुपका, पण गळाच्या टोकाच्या बाजूला. मणी जड असल्यामुळे पाण्यात पडताच माशी उलटते आणि टोक वर राहतं. त्यामुळे वाळूवरून ओढताना ती गवतात किंवा प्रवाळात अडकत नाही, आणि प्रत्येक खेचीला मणी वाळूचा छोटा धुरळा उडवतात. पळणारी कोळंबी नेमकं हेच करते.

अमेरिकी किनाऱ्यावर गर्दी वाढली तशी माणसं लांब निघाली. 1980 च्या दशकात प्रशांत महासागरातलं किरीतिमाती बेट खुलं झालं, जिथे 1957-58 मध्ये ब्रिटनने अणुचाचण्या केल्या होत्या. सेशेल्सच्या अल्फॉन्स आणि सेंट फ्रान्स्वा बेटांकडे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्ष गेलं. तिथे गाइड म्हणून दक्षिण आफ्रिकेची तरुण पोरं आली आणि बोनफिशपेक्षा जायंट ट्रेव्हलीचं वेड वाढलं. बोनफिशला आठ वजनाचा रॉड पुरतो (हे वजन म्हणजे रॉडला चालणाऱ्या दोरीचा क्रमांक; आकडा मोठा तितका रॉड दणकट). पन्नास किलोच्या वर जाऊ शकणाऱ्या या माशाला बारा वजनाचाही कमी वाटतो. मध्ये सोमाली चाच्यांच्या भीतीने काही दूरची बेटं वर्षानुवर्षं बंदही होती. ही बेटं माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटापासून छोट्या विमानाने गाठायची, ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी उडतं, म्हणून सहल आठवड्याची. सामानाच्या वजनाची मर्यादाही त्याच विमानाची.

तारखा ठरवताना मराठी माणसाला एक सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे कोकणातल्या घरात मुलालाही ठाऊक असतं, आणि चंद्र तिकडेही तोच. पंधरवड्यात साधारण एक आठवडा उधाणाचा आणि एक भांगाचा पडतो. उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, मोठी ट्रेव्हली बाहेरच्या खडकावरून आत येते. भांगाला पाणी संथ असतं, चालत बोनफिश शोधायला बराच वेळ मिळतो. म्हणून ट्रेव्हलीवाले उधाणाचे आठवडे आधी अडवतात, आणि भांगाच्या तारखा बऱ्याचदा शिल्लक असतात. पहिल्याच सहलीला मी त्याच घेईन. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं गणित मात्र घरीच ठेवावं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हे आपल्या किनाऱ्याचं. सेशेल्सचं घड्याळ वेगळं, तिथला तक्ताच बघायचा.

हंगामाचंही तसंच. मे ते सप्टेंबर सेशेल्सला आग्नेयेचा वारा झोडपतो, आणि विषुववृत्त ओलांडून वळलेला तोच वारा जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी म्हणून आपल्या घाटावर पाऊस पाडतो. पुण्यात छत्र्या बाहेर पडल्या की तिकडची दूरची बेटं बहुतेक बंद. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचे महिने खरे. मुंबईहून माहेला थेट उड्डाण असेल तेव्हा चार-साडेचार तास लागतात, भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. बहामाला जायचं तर दीड दिवसाचा प्रवास आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ टाळायचा.

मासा सोडण्याचं कलम आपल्याकडे घरी समजावून सांगायला सगळ्यात अवघड. एवढे पैसे घालून रिकाम्या हाताने परत? फ्लोरिडात बोनफिश कमी होत गेले आणि 2013 पासून ते सोडणं कायद्याने सक्तीचं झालं. बेलिझने त्याआधीच, 2009 मध्ये, बोनफिश, टार्पन आणि परमिट या तिन्ही माशांसाठी असा कायदा केला होता. हिशेब रोकडा आहे: जिवंत मासा दरवर्षी पाहुणा आणतो. तिढा असा की किरीतिमाती ज्या देशात आहे त्या किरिबातीत लोक हा काटेरी मासा आवडीने खातात, आणि जाळी टाकणारा व गाइड एकाच वस्तीत राहतात. नुसतं सोडूनही भागत नाही. बराच वेळ पाण्याबाहेर धरलेला बोनफिश सुटल्यावर नीट पोहू शकत नाही आणि शार्कच्या तोंडी जातो. चांगला गाइड म्हणूनच फोटोसाठी मासा वर काढू देताना हात आखडता घेतो. त्यावरून वाद घालू नये.

शेवटचा प्रश्न पुण्यात हमखास येतो: मग लक्षद्वीप का नाही? उथळ सरोवरं आहेत, पाणी स्वच्छ आहे, कोचीहून अगत्तीला विमान जातं. पण भारतीयांनाही प्रवेश-परवाना लागतो. शिवाय तिथल्या लोकांचा मुख्य धंदा काठीने ट्यूना पकडण्याचा, आणि त्यासाठी लागणारे बारीक जिवंत मासे याच सरोवरांतून काढतात. फ्लॅट्स म्हणजे त्यांचं शेत. तिथे रॉड घेऊन उतरायचं तर आधी परवान्यात मासेमारीचा उल्लेख आहे का ते बघायचं, मग बेटावरच्याच मच्छीमाराला गाइड म्हणून विचारायचं, आणि ही दोन उत्तरं हातात आल्यावरच विमानाचं तिकीट काढायचं.