'आमच्या हद्दीत नाही': फसवणुकीच्या तक्रारीची पार्श्वभूमी

पोलिसांचं काम हद्दीने बांधलेलं. ठग मात्र टपाल सुरू झाल्यापासून हद्दीबाहेर बसूनच लोकांना गंडवतो आहे. गावच्या चौकीत तक्रार नोंदवून परगावच्या भामट्याचं काय वाकडं होणार? अमेरिकेने यावर १८७२ मध्ये तोड काढली. टपालातून केलेली फसवणूक हा केंद्रीय गुन्हा ठरला आणि पुढे टपाल निरीक्षक अशा प्रकरणांच्या मागे लागू लागले. बॉस्टनचा चार्ल्स पाँझी लोकांना ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं गाजर दाखवत होता. १९२० मध्ये तो अडकला तोही याच कायद्यात. गुंतवणूकदारांना मुदत भरल्याची पत्रं त्याने टपालाने धाडली होती, तीच भोवली.

टेलिफोनने ठगाचं काम आणखी सोपं केलं. इंटरनेट आल्यावर तर देशांच्या सीमाही उरल्या नाहीत. मे २००० मध्ये एफबीआयने ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींसाठी वेगळं केंद्र उघडलं, तेच आजचं आयसी-थ्री. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये 'ॲक्शन फ्रॉड' हे फसवणुकीच्या तक्रारी एका जागी घेणारं केंद्र आलं. दहा ठिकाणच्या तक्रारींत एकच खातं क्रमांक दिसला की टोळीचा माग लागतो, हा यामागचा हिशेब. तो बरोबरच होता, पण तक्रारदाराच्या हाती बहुधा नुसता संदर्भ क्रमांक पडायचा.

खरा बदल झाला तो पैसा क्षणात पळू लागल्यावर. चोर कोण, यापेक्षा रक्कम आत्ता कुठल्या खात्यात आहे, हा प्रश्न आधी आला. सिंगापूरने २०१९ मध्ये यासाठी पोलिसांचं स्वतंत्र केंद्र काढलं. भारतात त्याच वर्षी ३० ऑगस्टला राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल सर्व प्रकारच्या सायबर तक्रारींसाठी खुलं झालं. २०२१ मध्ये १५५२६० ही हेल्पलाइन आली, तिचाच नंबर पुढे १९३० झाला.

फोन लावला की पलीकडून विचारतात ते व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक. आपली सगळी कहाणी त्या घडीला कुणाला नको असते, आणि ते रास्तच आहे. माहिती लगेच संबंधित बँकेकडे जाते. पैसे तिथे असतील तर ते रोखले जातात, पुढे सरकले असतील तर सूचना पुढच्या बँकेला जाते. रोखलेली रक्कम परत खात्यात पडायला मात्र अनेकदा कोर्टाचा आदेश लागतो.