ससा परसात शिरतो तेव्हा: जाळी घेण्याआधी एवढे वाचा

दिवाळी सरली, सड्यावरचे गवत वाळले की दुकानात एकच तक्रार येते: काल दोन पानांवर आलेली चवळी आज देठापासून गेली. बहुतेक वेळा नाव शेजाऱ्याच्या गाईचे घेतले जाते. आधी वाकून देठ बघा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडते, टोक फाटलेले राहते. सशाचा काप तिरका आणि साफ, कोयतीने छाटल्यासारखा. शेजारी वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असतात. माडाच्या बुंध्यावर रुंद दातांच्या खुणा असतील, मुळाशी उकरलेले असेल, तर तो साळिंदर. त्याच्यासाठी ही जाळी नाही, वानरांसाठी तर मुळीच नाही. आधीच सांगतो, कारण कापलेली जाळी आम्ही परत घेत नाही.

बिळे बुजवत बसू नका. आपल्याकडचा रानससा बीळ करीत नाही. दिवसा गवतात, करवंदीच्या आडोशाला अंग मावेल एवढ्या खळग्यात बसतो आणि रात्री चरायला निघतो. कुंपणालगतचे रान बेणून टाका, म्हणजे त्याला दबा धरायला जागा उरत नाही. बेणताना पिल्ले दिसली तर उचलू नका. ती उघड्या डोळ्यांची, केसाळच जन्मतात; आई रात्री येऊन पाजते.

जाळी कशी लावायची

खुराड्याला लावतात ती एक इंची जाळी, ४ फूट रुंदीची घ्या. ३ फूट उभी करा आणि खालचा १ फूट बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा मोडून त्यावर चिऱ्याचे तुकडे ठेवा. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशीच रेटतो, आणि तिथे त्याच्या पायाखाली जाळीच येते. कातळात चर खणण्याचे कष्टही वाचतात. खाऱ्या वाऱ्याला साधी जस्ती तार टिकत नाही. किनाऱ्यावरच्यांनी प्लास्टिकचे वेष्टन असलेली न्यावी. मासेमारीचे जुने जाळे फुकट मिळते खरे, पण ससा ते कुरतडतो आणि उंदीर खाणारी धामण त्यात अडकून मरते.

सगळी मेहनत वाया जाते ती बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी. आमच्याच रोपवाटिकेत चारही बाजू बंद केल्या होत्या, तरी मुळ्याचा वाफा साफ झाला. बेड्याच्या खालच्या चिवारीला (बारीक बांबूला) करडे केस चिकटलेले होते. तिथे जाळीची झालर खिळली, मग थांबले.

काजूच्या नव्या कलमांना पहिली दोन वर्षे प्रत्येकी २ फूट उंचीचे वेगळे कडे करा. जाळी खोडाला टेकू देऊ नका. साल चहूबाजूंनी सोलली गेली तर वरचा भाग वाळतो. कलमाच्या जोडाखालून फूट आली तर ती खुंटाची, ती वाढवण्यात अर्थ नाही.

हिंगाचे पाणी, मिरचीपूड चार दिवस चालते, मग शिंपणात धुऊन जाते. आम्ही विकत नाही.

फासकी मागू नका. सशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्याला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. शिवाय दुसऱ्यासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याचे कोकणात वरचेवर घडते. कुंपणात वीज सोडली तर पहाटे पाणी लावायला गेलेला घरचाच माणूस जातो.

येताना वाफा दोरीने मोजून या. १० बाय १० फुटांना ४० नव्हे, ४२ फूट लागते. जोडावर जाळी एकमेकींवर चढवावी लागते. बेड्याचे माप वेगळे सांगा.