खराब अंडं टाकायचं कधी, कसं आणि कुठे?

बॉल पायथन या पाळीव अजगराच्या अंड्यावर पांढरी बुरशी दिसली की नवखे लोक ते लगेच फेकून देतात. एवढी घाई नको. बुरशी आधी कवचावर वाढते आणि आतला जीव कित्येकदा ठणठणीत असतो. अंधाऱ्या खोलीत छोटा टॉर्च कवचाला टेकवून बघा. अंडी घातल्यापासून आठ-दहा दिवसांत तांबड्या शिरांचं जाळं दिसायला हवं. फोल, म्हणजे फलन न झालेलं अंडं मुळातच लहान, पिवळसर, मेणचट असतं आणि आत नुसता पिवळा उजेड दिसतो. आधी दिसलेल्या शिरा विरून गेल्या असतील, तर गर्भ मेला असण्याची शक्यता मोठी. शंका असेल तर आठवडाभर थांबा. नुसती खळी पडली असेल तर बहुधा ओलावा कमी पडलाय, तो वाढवा.

तपासताना अंडं फिरवू नका. गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच कवचाला आतून चिकटतो, नंतर अंडं उलटं झालं की तो दगावू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी. पायथनची अंडी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. खराब अंडं ओढून काढायला गेलात तर शेजारच्याचं कवच फाटेल. सहज सुटत नसेल तर राहू द्या, बुरशी तेवढी कोरड्या कापसाने टिपून घ्या.

काढलेलं अंडं हातमोजे घालून झिप पिशवीत ठेवा. नासलेल्या अंड्यात वायू साठलेला असतो. दाबलं तर फुटतं, आणि तो वास घरातून दोन दिवस जात नाही. गर्भ मेल्याची खात्री नसेल आणि उबवणीचा निम्मा काळ उलटला नसेल, तर ते दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात. बॉल पायथनची उबवण साधारण 55 ते 60 दिवसांची, म्हणजे पहिला महिनाभरच हा मार्ग चालतो. त्यापुढे आत हलणारं पिल्लू असू शकतं, तेव्हा थेट पशुवैद्याकडे जा. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही. त्यामुळे कुल्फीशेजारी ही पिशवी नको. अंड्यांचा डबा साबणाने धुऊन मग ब्लीच एकास दहा पाण्यात मिसळून दहा मिनिटं लावा, नंतर परत धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे काम स्वयंपाकघराच्या मोरीत करूच नका.

अंगण असेल तर दीड-दोन फूट खोल पुरा. वरवर पुरलेलं भटकी कुत्री उकरतात आणि सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा वरून माती नीट दाबून बसवा. अंगण नसेल तर वर्तमानपत्रात दोन पदरी गुंडाळून घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या, प्लास्टिकची पिशवी काढून. माळरानात किंवा तलावाकाठी फेकू नका.

टाकण्याआधी एक अंडं बाहेर, उघड्यावर कापून बघा. सगळीच फोल निघाली तर नर-मादीच्या जोडणीत गडबड आहे. पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेलेली दिसली तर आधी उष्णतेवर संशय घ्या. उबवणीला 31 ते 32 अंश लागतात आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारं यंत्र, हीटर बंद करतो, खोली थंड करत नाही. बंद खोलीतला इनक्युबेटर (अंडी उबवायची पेटी) हीटर बंद असतानाही 37-38 वर जाऊ शकतो. तेव्हा तो गच्चीखालच्या खोलीत न ठेवता तळमजल्यावर ठेवा आणि डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर अंड्यांच्या उंचीवर लावा, झाकणाला नको.