शेंबूड मेंदूतून येत नाही, हे कळायला १६६० साल उजाडलं

२०२० साली करोनाच्या तपासणीला रांगेत उभं राहिलेल्या अनेकांच्या मनात एकच धास्ती होती: ‘काडी पार मेंदूपर्यंत घालतात म्हणे!’ खरं तर काडी मेंदूच्या दिशेनं जातच नव्हती. नाकाचा तळ म्हणजे तोंडातल्या टाळूचीच वरची बाजू. तो आडवा असतो आणि त्याच्यावरून काडी सरळ मागे, घशाच्या वरच्या टोकाला पोचते. पण घाबरलेल्यांना हसू नये. नाकाची वाट मेंदूला मिळते, असं युरोपातले मोठमोठे वैद्य जवळपास दीड हजार वर्षं धरून चालले होते.

तसं वाटायला कारणही होतं. नाकाच्या पोकळीचं छत, दोन डोळ्यांच्या मधोमध, एका पातळ हाडाचं असतं. त्याला चाळणीसारखी बारीक भोकं असतात आणि वर मेंदूच टेकलेला असतो. प्राचीन इजिप्तमध्ये ममी तयार करणारे लोखंडी आकडा नाकातून घालून मेंदू बाहेर काढत, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे. पुढे दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्यानं सांगितलं की मेंदूतला मळ या चाळणीतून खाली झिरपतो, तोच शेंबूड. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं नाव याच समजुतीतून आलं; लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. आपल्याकडे ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात नाकाला डोक्याचं दार म्हटलंय, ‘नासा हि शिरसो द्वारम्’, पण तिथे रोख नस्यावर, म्हणजे नाकावाटे औषध देण्यावर आहे.

१६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरनं आपल्या एका रुग्ण बाईची हकिगत छापली. तिचा वरचा सुळा काढला होता आणि त्या खड्ड्यातून सतत पाणी येत होतं. तिनं खड्ड्यात चांदीचा दाभण घालून पाहिला, तो डोळ्याच्या दिशेनं आत गेला. मग पिसाची काडी घातली, तर ती सबंध आत! काडी मेंदूला लागली असं समजून बाई भेदरून हायमोरकडे आली. काडी गालामागच्या, वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीत गुंडाळली गेली होती. आज ‘सायनस भरलाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हीच पोकळी ठणकत असते. लिओनार्दो दा विंचीनं ती १४८९ मध्येच कवटी कापून रेखाटली होती, पण ती चित्रं कित्येक पिढ्या लोकांसमोर आलीच नाहीत.

खरा निकाल लावला जर्मनीतल्या विटेनबर्गच्या कॉनराड व्हिक्टर श्नायडर या वैद्यानं. चाळणीच्या भोकांतून वासाच्या मज्जातंतूंचे धागे उतरतात, ती मोकळी नसतात, कफ गळायला तिथे वाटच नाही, हे त्यानं दाखवलं. मग शेंबूड येतो कुठून? नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरातून. १६६० पासून सर्दीवरचे त्याचे जाडजूड खंड निघाले. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण त्यानं नाकाला स्वतःचं काम दिलं. तोवर ते मेंदूची मोरीच होतं.

आणि काम काय थोडं आहे? दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडं असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्या वळणांतून जाताना हवा ऊबदार आणि दमट होते. धूळ चिकट थरात अडकते आणि डोळ्यांना न दिसणारे केस तो थर सारखे घशाकडे ढकलत असतात. आपण तो नकळत गिळतो. सर्वांत खालच्या शिंपल्याखाली डोळ्यांतून येणारी नळी उघडते, म्हणून रडताना नाक वाहतं. टर्बिनेट आळीपाळीनं सुजतात, त्यामुळे काही तास एक नाकपुडी जास्त चालते, मग दुसरी. योगाभ्यासातले चंद्रस्वर (डावी नाकपुडी) आणि सूर्यस्वर (उजवी) हेच. युरोपात रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरनं त्याचं वर्णन १८९५ मध्ये केलं.

एका बाबतीत मात्र जुन्या समजुतीत तथ्य निघतं. डोक्याला जबर मार बसून चाळणीचं हाड तडकलं, तर मेंदूभोवतीचं पाणी खरोखरच नाकातून गळतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, बहुतेक वेळा एकाच नाकपुडीतून येतं आणि पुढे वाकलं की थेंब वाढतात. अशा वेळी नाक शिंकरायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं असतं.