‘आधी चेंडूच लागला!’: टॅकलबंदीच्या वादामागचा इतिहास

बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर मे महिन्यात जमीन विटेसारखी भाजून निघते. फुटबॉलमध्ये कुणी घसरत टॅकल केला, म्हणजे समोरच्याकडचा चेंडू काढायला पाय घातला, की आधी धुरळा उठतो, मग शिट्टी वाजते, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, ‘पण आधी चेंडूच लागला ना!’ माझ्या भाच्याच्या नडगीवर स्टडचे, म्हणजे बुटाच्या तळव्यावरच्या गुठळ्यांचे, तीन लालबुंद गोल उमटले, त्या दिवशीही समोरच्या पोराने हेच ऐकवलं. ताईचं तेव्हापासून एकच पालुपद आहे: हा घसरून मारायचा प्रकारच बंद करा.

ताईला कल्पना नाही, पण फुटबॉल जन्मला तोच या भांडणातून. 26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये क्लबांची मंडळी नियम ठरवायला जमली. सुरुवातीच्या मसुद्यात पळणाऱ्या खेळाडूच्या नडगीवर लाथ घालायला, म्हणजे हॅकिंगला, चक्क परवानगी होती. बार्न्स क्लबचे एबेनेझर मॉर्ली यांचा त्याला विरोध होता. हे ठेवलंत तर जाणती माणसं खेळायचीच नाहीत, खेळ शाळकरी पोरांपुरता उरेल, असं ते म्हणाले. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल उसळले. लाथ काढली तर खेळातली मर्दुमकीच जाईल. मग मी फ्रेंच माणसं आणतो, आठवडाभराच्या सरावात ती तुम्हाला हरवतील, अशी त्यांची धमकी. डिसेंबरात हॅकिंग बंद झालं आणि ब्लॅकहीथ उठून गेलं. त्या तेरा नियमांतला शेवटचा तर बुटांबद्दलच आहे: तळव्याला वा टाचेला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या चालणार नाहीत. तेव्हा लोक काय घालून उतरत असतील, विचार करा! गंमत म्हणजे 1871 मध्ये रग्बी युनियन स्थापन झाली, त्यात ब्लॅकहीथ होतं, आणि हॅकिंग त्यांनीही सोडलं.

लाथ गेली, पण पाय राहिले. 1966 च्या विश्वचषकात बल्गेरियाने आणि मग पोर्तुगालने पेलेला इतकं तुडवलं की, बदली खेळाडूची सोय नसल्यामुळे, तो लंगडत मैदानात राहिला. पिवळं-लाल कार्ड विश्वचषकात आलं 1970 ला. तरीही 24 सप्टेंबर 1983 रोजी बार्सिलोनात स्पॅनिश बचावपटू गोइकोएचियाने मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. तो बूट त्याने पुढे घरी काचेच्या पेटीत ठेवला म्हणतात. माझ्या मते त्या पेटीइतका या वादाचा दुसरा पुरावा नाही.

मोठा बदल 1998 चा. मागून केलेला आणि प्रतिस्पर्ध्याला इजेचा धोका असलेला टॅकल म्हणजे थेट लाल कार्ड, असं त्या वर्षीच्या विश्वचषकाआधी ठरलं. पुढे ‘मागून’ हा शब्दही गळाला; दिशा कुठलीही असो, धोका पाहायचा. आज पंच तीन पायऱ्यांनी मोजतो: निष्काळजीपणाला फ्री किक, बेदरकारपणाला पिवळं, अवाजवी जोराला लाल. ‘आधी चेंडू लागला’ हा बचाव त्यामुळे लंगडा पडला. चेंडू लागूनही स्टड वर असतील, तर बाहेर जावं लागतं.

मात्र घसरण्यावर फुटबॉलने कधीच नाव घेऊन बंदी घातली नाही. अमेरिकन फुटबॉल तसं करतो. तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगने 2005 मध्ये मानेमागून कॉलर ओढणं आणि 2024 मध्ये कंबर धरून पायांवर अंग टाकणं नाव घेऊन बंद केलं. आणि लांब कशाला जायचं? 1923 मध्ये हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय हुतूतू स्पर्धा भरवली ती बडोद्यातच. आजच्या कबड्डीच्या नियमांत चढाई करणाऱ्याचं तोंड दाबणं, गळा आवळणं आणि पायांची कैची घालणं साफ मना आहे. घोटा धरा, पट काढा, पण कैची नाही. पंचाला तिथे धोका जोखत बसावं लागत नाही. कैची दिसली की संपलं. फुटबॉलच्या पंचाला ‘जोर अवाजवी होता का’ हे क्षणार्धात ठरवायचं असतं, आणि पोरांच्या सामन्यात व्हिडिओ कुठून येणार? लहान गटांत तरी दोन्ही पायांनी झेप घेणं नाव घेऊन बंद करावं, असं मला वाटतं. घसरणं सरसकट नको. त्यात कसब आहे.

हे मी ताईला सांगितलं. तिने फक्त नियमात नडगीच्या संरक्षणाचं काय आहे ते विचारलं. पॅड सक्तीचं आहे. भाच्याचं त्या दिवशी पिशवीत होतं.